तटस्थ

बारावीचे पेपर तपासतेय. राज्यशास्त्र, प्रश्न चौथा:
राष्ट्रहित म्हणजे काय ते सोदाहरण स्पष्ट करा. गुण पाच.
आदर्श उत्तरात चार मुद्दे हवेत,
सुरक्षा, अर्थव्यवस्था, ऊर्जा, प्रतिष्ठा,
आणि उदाहरणाचा एक गुण.

खाली धक्क्याला धोपाव्याची फेरी लागलीय,
फळी आपटल्याचा आवाज खिडकीपर्यंत येतो.
दोन रिक्षा, बर्फाचा टेम्पो, एक नवरी माहेरी आलेली.
भरतीचं पाणी वाशिष्ठीत शिरतं
तेव्हा ती नदी की समुद्र,
दाभोळात कुणी विचारत नाही.

मुबीन एकवीस दिवस नांगरावर आहे,
सामुद्रधुनीच्या अलीकडे.
झेंडा पनामाचा, मालक ग्रीक, विमा लंडनचा,
पोटातलं तेल वाटेतच दोनदा विकलं गेलेलं,
आणि इंजिनरूममध्ये
मी नाडी बांधायला शिकवलेला पोरगा.
परवा आपल्या नौदलाची बोट आली होती.
आपल्या झेंड्याची तीन जहाजं मोजून घेतली,
पुढे घालून घेऊन गेली.
‘आमी हात हलवले,’ तो लिहितो,
‘त्यांनी पण हलवले.’
मग खाली: ‘अम्मीला नको सांगू.’

टीव्हीवर प्रवक्ता. शांत माणूस, टायची गाठ घट्ट.
एका बाजूचं तेल स्वस्त पडतं,
दुसरीकडून विमानांचे सुटे भाग येतात,
दोघंही जुने मित्र. ठरावाच्या वेळी
आपण सभागृहात होतो, मतदानात नव्हतो.
आमची भूमिका, तो म्हणतो, तटस्थ आहे.
खोटं बोलत नाही तो.
त्या तिन्हींतल्या एखाद्या जहाजाचा गॅस असेल,
ज्यावर मी आत्ता चहा ठेवलाय.

तटस्थ.
तट म्हणजे किनारा. त्यावर जो उभा, तो.
वर्गात मी हा शब्द फळ्यावर असाच फोडून दाखवते.
मग साहेब, तटस्थ तर आम्ही,
मगरिबनंतर अंजनवेलच्या दिव्याकडे
तोंड करून बसणारी अम्मी,
डिझेलचा नवा भाव ऐकून
चढवलेली जाळी परत उतरवणारे खारवी.
तुम्ही उभे आहात तिथून
समुद्र दिसतो तरी का?

आमचे पणजे आगवाले होते, मोठ्या लढाईत.
कोळसा कुणाचा, लढाई कुणाची,
भट्टीपाशी कुणी सांगत नसे.
जहाज बुडालं त्या तारखेपासून
कंपनीने पगार कापला.
पत्र इंग्रजीत होतं. पोस्टमास्तर बापटांनी
दोनदा वाचलं,
दुसऱ्यांदा जरा हळू.

पेपर क्रमांक सदतीस. प्रणोती जांभारकर.
अक्षर तिरकं, शाई पाण्याने फुटलेली.
‘वादळात बोट जड झाली की काय फेकायचं
ते तांडेल ठरवतो.
आधी बर्फ, मग मासळी, मग जाळी.
जे शेवटपर्यंत फेकत नाहीत
ते राष्ट्रहित.
माझ्या काकांना विचारलं, माणूस कधी फेकतात?
ते म्हणाले, माणूस फेकत नाहीत गं,
तो पडला तर बोट वळवत नाहीत.’

मुद्दे चारांपैकी एकही नाही.
ऊर्जा हा शब्दसुद्धा नाही.
बोर्डाची तपासनीस बाई मला विचारेल,
परकार मॅडम, हे कशाचे गुण दिलेत?
उदाहरणाचे, सांगेन.
पाचच्या पाच?

चहा उतू गेला. शेवटची फेरी सुटली,
पलीकडे धोपाव्यात दिवे लागताहेत.
समासात मी बरोबरची खूण करते, लाल.
फोनवर माझ्या निरोपाखाली
सकाळपासून तशीच एक आहे, करडी.
दुसरी उमटत नाही.